त्या दुपारी बाहेर कोण आलं

माय, सध्या टीव्हीवर एक मालिका लागते, संध्याकाळी साडेसातला. मोठ्या शहरातल्या मोठ्या हॉटेलाचं स्वयंपाकघर आणि त्यात खेड्यातून आलेली एक भाकरी करणारी बाई, अशी गोष्ट आहे. तू असतीस तर पहिल्याच दिवशी पदर झटकून उठून गेली असतीस. त्या बाईची साडी इस्त्रीची, केस मोकळे, आणि दिवसभर तव्यापुढं उभी राहूनही कपाळावरची टिकली जागची हलत नाही. भाकरी ती दोन हातांवर उडवत करते, पिठाचा धुरळा उडतो आणि मागून बासरी वाजते. ज्वारीचं एवढं पीठ खाली सांडलेलं बघून मी पहिल्याच आठवड्यात टीव्ही बंद करणार होते. केला नाही. चार महिने झाले, रोज बघते आणि रोज चिडते. घरात मी एकटीच. तुझा जावई जाऊन सहा वर्षं झाली, मी नोकरीतून मोकळी झाले त्यालाही आता तीन वर्षं होतील. नांदेडातल्या या दोन खोल्यांत चिडायला दुसरं कुणी उरलेलं नाही, म्हणून ही मालिका.

खरं सांगायचं तर मालिकेपेक्षा ती बघणाऱ्यांचाच मला जास्त राग येतो. भाग संपला की आमच्या इमारतीतल्या बायका खाली बाकड्यांवर जमतात आणि जी ती आपलं मत मांडते. वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्या म्हणतात, "स्वयंपाकघरात एवढा आरडाओरडा कुठं असतो का? अन्न शिजतं तिथं शांतता पाहिजे." जन्मात या बाईनं पाच माणसांच्या वर कधी पीठ मळलेलं नाही. शेजारची इंजिनिअरची बायको तर रोज रडते. मुख्य आचारी नायिकेला बोलला की हिच्या डोळ्यांना धार लागते. आणि हिच्याकडं स्वयंपाकाला जी बाई येते तिचा चहाचा कप वेगळा आहे, खिडकीच्या कठड्यावर पालथा घातलेला. जाता-येता मला तो दिसतो. मोबाइलवर इमारतीचा एक गट आहे, तिथं तर विचारायची सोय नाही. एक म्हणतो, बाईला न्याय मिळालाच पाहिजे. दुसरा म्हणतो, भाकरी परातीत थापतात, हातावर नाही, मालिकावाल्यांनी जरा अभ्यास करावा. तिसऱ्याला कांदा चिरायची ती लांब सुरी कुठं मिळते ते हवं असतं. मी काही लिहीत नाही. वाचते, मनातल्या मनात एकेकाला चार शब्द सुनावते आणि फोन बाजूला ठेवते.

मागच्या मंगळवारपर्यंत हे असंच चाललं होतं. मंगळवारच्या भागात त्या हॉटेलात कुणी बडा पाहुणा येतो. भाकरीचा घास तोंडात घालतो, थांबतो आणि म्हणतो, "ही कुणी केली? बोलवा तिला बाहेर." मग स्वयंपाकघराचं दार उघडतं, कोपरापर्यंत पीठ लागलेली नायिका बाहेर येते, सगळं हॉटेल उभं राहतं आणि जाहिराती लागेपर्यंत टाळ्या वाजत राहतात. त्या दिवशी बाकड्यांवर कुणाचे डोळे कोरडे नव्हते. मुख्याध्यापिकाबाईसुद्धा म्हणाल्या, "आज मात्र छान दाखवलं." मी गुडघ्याचं निमित्त काढून वर आले आणि उगाच नळ सोडून भांडी घासत बसले. तेवढ्यात लेकीचा पुण्याहून फोन आला. तू गेलीस तेव्हा ती तीन वर्षांची होती, आता स्वतः एका पोराची आई आहे. "मम्मी, बघितलंस का? अगं, आजीचीच गोष्ट! जशीच्या तशी! मी त्या क्लिपखाली लिहून पण टाकलं." मी नळ बंद केला.

तिनं काय लिहिलं ते तुला वाचून दाखवते. "हे फक्त मालिकेत होत नाही. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा माझी आजी तिथल्या एका खानावळीत भाकरी करायची. एका मोठ्या साहेबांनी तिला बाहेर बोलावून उभं राहून नमस्कार केला होता. सगळं ऑफिस टाळ्या वाजवत होतं. आजी एवढंच म्हणाली, पोटभर जेवलात ना, झालं तर मग." खाली लोकांनी बदाम टाकले, हात जोडले. अशा आज्या आता होत नाहीत, म्हणाले. कुणी तुझा फोटो मागितला. लेक प्रत्येकाला उत्तर देत बसली होती, फार खूश होती. आणि तिसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या माणसानं लिहिलं: "मी त्या काळी नोकरीनिमित्त लातूरला होतो व त्याच खानावळीत जेवत असे. साहेब आले त्या दिवशी मी हजर होतो. बाहेर आल्या त्या मालकांच्या पत्नी. आम्ही सर्वांनी त्यांनाच नमस्कार केला. आपल्या आजी कोण, हे लक्षात येत नाही. गैरसमज नसावा." झालं. दोन दिवस बदाम टाकणारे तेच लोक उलटले. चार अंगठ्यांसाठी लोक मेलेल्या आजीलाही सोडत नाहीत, असं एकीनं लिहिलं. लेक फोनवर रडली. म्हणाली, "मम्मी, तो माणूस आजीला खोटं पाडून राहिला आणि तू गप्प कशी? तू होतीस ना तिथं? तू लिही." होते, माय. मी तिथंच होते.

ती गोष्ट मीच रचलेली, हे तिला कुठं माहीत आहे. ती तिसरीत असताना शाळेत 'माझी आजी' असा निबंध लिहायला सांगितला होता. मी तालुक्याहून एसटीनं घरी आलेली, डोकं उठलेलं, आणि ही वही घेऊन मागं लागली, आजीनं काय केलं सांग, आजीनं काय केलं सांग. तुझं काय सांगणार होते मी तिला? खडी फोडली म्हणून सांगू की दुसऱ्याच्या चुलीवर आयुष्य काढलं म्हणून सांगू? बोलता बोलता ती दुपार आठवली आणि जिथं ती मोडली होती तिथून मी ती सरळ करून टाकली. तुझ्या तोंडचं वाक्यही मीच घातलं. निबंधाला बक्षीस मिळालं. मग ती गोष्ट घरात रुजली, पाहुण्यांना सांगायची झाली, नातवाला झोपवताना सांगायची झाली. इतक्या वेळा सांगितल्यावर मलाच कधी कधी तू त्या दारातून बाहेर येताना दिसायचीस.

तुला सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते. मलाच माझा क्रम लावायचा आहे. बहात्तरचा दुष्काळ. बाप त्याच्या आदल्याच वर्षी गेला होता, आणि तू मला घेऊन चाकूरकडच्या तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होतीस. मी आठ वर्षांची. रेशनवर परदेशातून आलेली लाल ज्वारी मिळायची, मिलो म्हणायचे तिला. तिची भाकरी कुणाला जमायची नाही, थापता थापता चिरायची. तू पिठात उकळतं पाणी ओतून ते तळहाताच्या बुडानं मळायचीस, इतकं की शेजारच्या बाया म्हणायच्या, "काय जीव घेतीस का त्या पिठाचा?" तुझी भाकरी चिरायची नाही. कामावर पाण्याची दोन पिंपं होती, एक बाभळीखाली सावलीत, एक उन्हात. कुणाचं कोणतं ते लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरजही नव्हती. आपण धम्म घेऊन सोळा वर्षं झाली होती, भिंतीवरचे देव जाऊन तिथं बुद्धाची तसबीर आली होती, पण बाभळीखालच्या पिंपापर्यंत ती बातमी पोचली नव्हती. मी खेळता खेळता त्या सावलीकडं निघाले की तू लांबून हात करायचीस. हात वर नाही, हाक नाही. कमरेजवळ, बोटं जुळलेली, तळहात माझ्याकडं. दुसऱ्या कुणाला कळायचंही नाही. "हात दिसला की पाय थांबला पायजे," म्हणाली होतीस. "का, ते मागून सांगन." मागून सांगायची वेळ आली नाही. उन्हातल्या पिंपातलं कोमट पाणी पिताना माझं मलाच कळलं.

दुष्काळ सरला आणि गाव सोडून आपण लातूरला आलो. आठ-नऊ वर्षांनी तिथं नवा जिल्हा झाला. आज लोकांना वाटतं जिल्हा म्हणजे फीत कापली की झाला. मला आठवतात त्या ट्रक भरभरून आलेल्या फायली, खुर्च्या कमी म्हणून खिडकीत बसून लिहिणारे कारकून, आणि बायकामुलं मागं ठेवून आलेली शेकड्यानं माणसं, ज्यांना राहायला खोली मिळत नव्हती आणि जेवायला घर नव्हतं. खानावळी निघाल्या त्या तेव्हा. आपले मालक शेतकरी घरातले, जमीन भावांवर सोपवून शहरात आलेले, बोलायला मोकळे. तू कोण हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुझी एक भाकरी खाऊन त्यांनी तुला ठेवून घेतलं आणि एकच सांगितलं, "मावशी, तुम्ही समोर यायचं न्हाई. कुनी इचारलं तर तुम्ही काय बोलू नका, म्या बघतो." तू "हाव" म्हणालीस. घरी आल्यावर मी विचारलं, असं कसं चालवून घेतलंस. तू म्हणालीस, "उन्हात उभं न्हाई राहावं लागत ना? मंग झालं."

स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली यांच्यामध्ये एक दार होतं आणि एक बुटकी खिडकी. दार लोटलेलं असायचं, खिडकी उघडी. त्या खिडकीतून भाकरी बाहेर जायची आणि गिऱ्हाइकांना तुझे फक्त हात दिसायचे, मनगटावरची गोंदलेली वेल आणि भाजून काळा पडलेला अंगठा. लोक त्या हातांशी बोलायचे. "मावशी, आज भाकर लई मऊ हाय बगा." "मावशी, आमच्या घरची चूल बिघडून टाकली तुम्ही, गावाकडं गेलं की बायकोची भाकर गोड लागत न्हाई." तू आतून हसायचीस. "तिला म्हनावं, आधन टाक पिठात." एक म्हातारे शिरस्तेदार जेवण झाल्यावर खिडकीला हात लावून नमस्कार करायचे. मालिकेतल्या बाईला टाळ्या मिळाल्या म्हणून हे लोक रडतात. तुला दोन वर्षं रोज शाबासकी मिळत होती आणि तोंड मात्र कुणी बघितलेलं नव्हतं. हे कुठल्या भागात दाखवणार?

जिल्हा झाला त्याच वर्षी मी टायपिस्ट म्हणून लागले. निवड जुन्या जिल्ह्यातून झाली आणि नेमणूक नव्यात, त्यामुळं जात लिहिलेले माझे कागद अजून तिकडून यायचे होते. आणि आपलं आडनाव असं, की ते आपल्यातही चालतं आणि पाटलांतही चालतं. नव्या जिल्ह्यात कुणाला कुणाची माहिती नव्हती. माझ्या शेजारच्या टेबलावरची कारकून बाई पहिल्याच दिवशी म्हणाली, "बरं झालं बाई, आपल्यातलं कुणीतरी आलं," आणि मी हसले. नाही म्हणाले नाही. तेवढ्यानं सगळं ठरून गेलं. ती माझ्या डब्यातली भाकरी खायची, मी तिची पोळी खायची. एकदा म्हणाली, "अगदी खानावळीतल्या मावशीसारखी भाकरी हो तुमच्या घरी." मी डबा तिच्याकडं सरकवला. म्हणाले, आमच्याकडं सगळ्यांची अशीच असते. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डब्यात कुणीतरी विचारल्याशिवाय हात घालत होतं, माय. ते सुख काय असतं ते तुला सांगितलं असतं तर तुला कळलं असतं. मी सांगितलं नाही. तू खानावळीत आहेस हे ऑफिसात कळू द्यायचं नाही, एवढंच तुला बजावलं. तू म्हणालीस, "बरं बाई. तिथं बी न्हाई, हितं बी न्हाई."

मग ती दुपार. औरंगाबादहून मोठे साहेब तपासणीला आले आणि सगळ्या ऑफिसचं जेवण तुमच्या खानावळीत ठरलं. आम्ही दोघी बायका भिंतीकडच्या टेबलाला, बरोबर त्या दारासमोर. येसराची आमटी, पिठलं, ठेचा आणि खिडकीतून येत राहणारी भाकरी. साहेब तिसरी भाकरी मोडताना म्हणाले, "ही कुणी केली? माझी आई गेल्यापासून अशी भाकरी खाल्ली नाही. बोलवा त्या माउलींना, बघू तरी द्या." खिडकीत तुझे हात होते, भाकरी अर्धी बाहेर आलेली. ते हात थांबले आणि आत गेले. मालक कपाळाचा घाम पुसत उठले, स्वयंपाकघरात गेले. जरा वेळ गेला. बाहेर आल्या त्या मालकीणबाई, डोक्यावर पदर, दोन्ही हातांना कोरडं पीठ. भाकरी करणाऱ्या बाईच्या हाताला कोरडं पीठ नसतं, बोटांच्या पेरात ओलं पीठ वाळून बसलेलं असतं. एवढ्या शिकल्यासवरल्या माणसांत कुणाला ते दिसलं नाही. साहेब उभे राहिले म्हणून सगळे उभे राहिले. साहेबांनी नमस्कार केला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीणबाई बिचारी घाबरून जमिनीकडं बघत होती. तो म्हातारा माणूस अगदी खरं सांगतो आहे.

परवा मी चष्मा लावून बसले आणि लेकीच्या खाली माझ्या नावानं लिहिलं. "काकांचं बरोबर आहे. बाहेर आल्या त्या मालकीणबाईच होत्या. माझ्या मुलीला मी चुकीचं सांगितलं, तिचा दोष नाही. भाकरी मात्र माझ्या आईची होती. आम्ही बौद्ध. मालकांनी तिला समोर येऊ दिलं नाही." पाठवून दिलं. मोकळं वाटलं. आणि मग जे सुरू झालं ते विचारू नकोस. आदल्या दिवशी लेकीला खोटारडी म्हणणारे आता माफी मागत होते. मालकाला शिव्या सुरू झाल्या. असल्या माणसाची खानावळ जाळायला पाहिजे होती, म्हणे. नाव सांगा त्याचं, म्हणे. ही खरी मालिका व्हायला पाहिजे, म्हणे. लेकीचा फोन आला, आवाज दाटलेला, "मम्मी, आधी का नाही सांगितलंस गं? किती सोसलं आजीनं." इमारतीच्या गटावर मुख्याध्यापिकाबाईंनी 'फार वाईट वाटले' असं लिहिलं. शेजारीण घरी आली, माझे दोन्ही हात धरून रडली. चहा ठेवते म्हटलं तर "नको नको, आत्ताच झाला" म्हणाली. एरवी ती माझ्याकडं दिवसाला दोनदा चहा प्यायची. या इमारतीत मला कुणी कधी विचारलं नव्हतं आणि मीही कधी सांगितलं नव्हतं. आता सांगून झालं. तिच्या रडण्याचा एवढा संताप आला की दार लावून मी बराच वेळ तिथंच उभी होते.

त्या म्हाताऱ्या माणसानंही उत्तर दिलं. "क्षमस्व. मला कल्पना नव्हती. आम्ही त्यांच्या हातचे इतके जेवलो व ओळखले नाही. मालक मात्र कधी तसे वाटले नाहीत." हे शेवटचं वाक्य मी कालपासून किती वेळा वाचलं असेल. इतरांच्या शंभर शिव्या वाचून मला काही झालं नाही, या एका साध्या वाक्यानं अंग गरम झालं. त्याच्या डोक्यावर मोबाइल आपटावा असं वाटलं. कारण वर तुला लिहितानासुद्धा मी एक गोष्ट गाळली, माय. 'जरा वेळ गेला' असं लिहून पुढं गेले. तू तिथं होतीस, तरी तुझ्यापुढं गाळली.

मालक आत गेले आणि त्यांनी दार पुरतं उघडलं. मला बसल्या जागेवरून सगळं दिसत होतं. ते म्हणाले, हळू पण मला ऐकू आलं, "चला मावशी. साहेब बोलवून राहिलेत. काय व्हायचं ते होऊन जाऊ द्या एकदाचं." तू तव्यापुढून उठलीस. हात धुतलेस, धुतले तरी पेरांतलं पीठ तसंच होतं. पदर सारखा केलास. माझ्या आठवणीत तू कशाला घाबरलेली नाहीस, पण तेव्हा तुझ्या तोंडावर काहीतरी नवं होतं, लाजल्यासारखं, नवीन लुगडं नेसल्यावर तू व्हायचीस तसं. दारापाशी आलीस आणि पहिल्यांदा माझ्याकडं बघितलंस. माझ्या शेजारी ती कारकून बाई, तिच्या ताटात माझ्या डब्यातली चटणी. मी हात ताटाच्या कडेनं खाली नेला. बोटं जुळलेली, तळहात तुझ्याकडं. शेजारणीलाही कळलं नाही. तुला कळलं. हात दिसला आणि तुझा पाय थांबला. तू मालकांना काहीतरी म्हणालीस आणि वळलीस. मालक क्षणभर दार धरून तसेच उभे राहिले, मग त्यांनी बायकोला हाक मारली. टाळ्या वाजल्या तेव्हा मीही वाजवल्या.

संध्याकाळी तू दिवेलागणीला घरी आलीस. मी रडायच्या बेतात होते, तू रागावशील तर बरं असं वाटत होतं. तू चूल पेटवलीस, माझ्यापुढं ताट वाढलंस, त्यात खानावळीतून आणलेली भाकरी. मग माझ्याकडं न बघता विचारलंस, "त्यो हात कुनी शिकवला गं तुला?" मी म्हणाले, तूच. तू तव्यावरची राख पुसत होतीस. "म्या पान्यापुरता शिकवला व्हता," म्हणालीस. बस. पुन्हा त्यावर एक शब्द नाही, मरेपर्यंत नाही. किती चिडले मी तुझ्यावर त्यापायी. दोन थोबाडीत दिल्या असत्यास, वस्तीभर बोंब मारली असतीस, तर मीही भांडले असते, माझं म्हणणं मांडलं असतं, आणि ते तिथंच मिटलं असतं. तू मिटवू दिलं नाहीस. पुढं दोन महिन्यांनी माझे कागद जुन्या जिल्ह्यातून आलेच, ऑफिसात सगळ्यांना कळलं, कारकून बाई डबा घेऊन दुसऱ्या टेबलाला गेली. म्हणजे ज्याच्यासाठी तुला थांबवलं तेही माझ्याकडं राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तू डब्यात एक भाकरी कमी घातलीस, तेवढंच.

मालक कधीच वारले असतील. त्यांच्या घरातलं कुणीतरी हे वाचत असेल, नसेलही. लेक म्हणते, मम्मी, अजून लिही, लोक विचारून राहिलेत, आजीबद्दल सगळं लिही. मी फोन घेऊन बसते, 'दार मालकांनीच उघडलं होतं' एवढं लिहिते आणि पुसते. हे कागद तिला दाखवावेत असं दोनदा मनात आलं, दोन्ही वेळा गादीखाली सारले. आज मालिका बघितली नाही. आणि आज सकाळी लेक फोनवर एकेक शिवी वाचून दाखवत होती, तेव्हा मालकाच्या नावानं घातलेल्या एका शिवीला मीही अंगठा दिला, माय.